आल्टर्नेटरचा ताप

पनवेल हें पूर्वींपासून चाकांचें गांव आहे. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत येथील प्रमुख धंदा म्हणून गाड्यांचीं चाकें तयार करण्याच्या कामाचा उल्लेख आढळतो. देशावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परत जातांना बहुधा चाकांची एक जोडी विकत घेऊन जाई, असें तेथें नमूद केलें आहे. बोरघाटांतून गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० सालीं खुला झाला होता, आणि त्या वाटेनें येणाऱ्या मालाचा पनवेल हा मोठा नाका होता. त्या काळचा जाणता गाडीवान चाकाच्या आवाजावर कान ठेवून असे. चाक करकरूं लागलें कीं तो गाडी थांबवी, तुंब्याला हात लावून पाही, आणि तुंबा कढत लागला तर चाक बदलण्याची घाई न करतां आधीं वंगण संपलें कीं काय, याचा शोध घेई.

आतां त्याच वाटेवर डिझेलवर चालणाऱ्या लहान मालमोटारी धांवतात. त्यांना सर्वत्र ‘पिकअप’ या नांवानेंच ओळखतात. घाटमाथ्यावरून वाशीच्या बाजाराकडे भाजी, उरण-करंज्याकडून मासळी, कळंबोलीच्या लोखंडबाजारांतून सळया आणि पत्रे, असा नाना प्रकारचा माल रात्रंदिवस या गाड्यांतून जात-येत असतो. शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांस सकाळीं ताजी भाजी मिळते ती बहुधा अशाच एखाद्या गाडीच्या पाठीवरून आलेली असते. या गाड्यांच्या चालकांकडून वारंवार ऐकूं येणारी एक तक्रार अशी, कीं “डायनामो गरम होतो.” बॉनेट उघडावें तों जळक्या लाखेसारखा उग्र वास येतो, यंत्राला बोट लाववत नाहीं, आणि कधीं कधीं समोरच्या फळीवरचा बॅटरीचा तांबडा दिवा मिणमिणूं लागतो. मग घाईघाईनें दुसरें यंत्र बसविलें जातें, पैसे मोजले जातात, आणि महिना-पंधरा दिवसांत नवें यंत्रही जुन्याच वाटेनें जातें.

असें कां व्हावें? याचें उत्तर एका वाक्यांत सांगतां येण्यासारखें आहे. ताप हें लक्षण आहे, रोग नव्हे. मनुष्याच्या अंगांतील ताप पाहून कोणी शहाणा वैद्य अंग बदलावयास सांगत नाहीं. तो तापाचें मूळ शोधतो. आल्टर्नेटर तापण्याचीं मूळ कारणें पुष्कळदां आल्टर्नेटरच्या बाहेरच असतात. तीं कोणतीं आणि त्यांचा शोध कोणत्या क्रमानें घ्यावा, हें समजण्यास प्रथम या यंत्राचें काम समजून घेतलें पाहिजे.

तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला असतां तारेंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३१ सालीं दाखवून दिलें. मोटारींतील आल्टर्नेटर हा त्याच शोधाचा व्यवहारांतील अवतार आहे. इंजिनाच्या पट्ट्यानें एक फिरकी गरगर फिरविली जाते. त्या फिरकीवरील वेटोळ्यांत थोडासा प्रवाह सोडून तिचें लोहचुंबक बनविलेलें असतें. तिच्या भोंवतालीं स्थिर असलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांत मग मोठा प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह क्षणोक्षणीं दिशा बदलणारा असतो, आणि बॅटरीला तर एकाच दिशेचा प्रवाह लागतो. म्हणून यंत्राच्या पाठीमागच्या बाजूस डायोड नांवाचे लहान लहान तुकडे बसविलेले असतात. पाणी एकाच दिशेनें जाऊं देणाऱ्या झडपेप्रमाणें ते प्रवाहास एकाच दिशेनें जाऊं देतात. चौथा महत्त्वाचा भाग म्हणजे नियंत्रक, ज्याला कारागीर रेग्युलेटर म्हणतात. बॅटरीवरील दाब चढला कीं तो फिरकीचा प्रवाह कमी करतो आणि दाब उतरला कीं वाढवितो. अशा रीतीनें चांगल्या स्थितींतील गाडींत इंजिन चालूं असतां बॅटरीवर साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट दाब राहतो.

पूर्वींच्या मोटारींत हें काम डायनामो करीत असे. परंतु इंजिन मंद चालूं असतां डायनामोकडून बॅटरी भरत नसे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि टिकाऊ होऊं लागल्यावर अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९६० सालापासून आपल्या गाड्यांत आल्टर्नेटर बसविण्यास आरंभ केला, आणि पुढें तो जगभर रूढ झाला. आपल्याकडे यंत्र बदललें तरी नांव मात्र बदललें नाहीं, आणि आजही गॅरेजांत आल्टर्नेटरला ‘डायनामो’च म्हणतात. नांवाचा हा घोळ निरुपद्रवी आहे. परंतु डायनामोच्या काळांतील परीक्षेच्या कांहीं रीतीही नांवाबरोबर टिकून राहिल्या आहेत. त्या मात्र घातक आहेत, आणि त्यांचा विचार पुढें केला आहे.

आतां उष्णतेचा हिशेब पाहावा. मोटारींतील साधा आल्टर्नेटर पट्ट्याकडून मिळालेल्या शक्तीपैकीं सुमारें ६० टक्केच विजेच्या रूपानें परत देतो. बाकीची शक्ति तांब्यांत, लोखंडांत, डायोडांत आणि हवा घुसळण्यांत खर्च होऊन तिची उष्णता होते. एखादें यंत्र १४ व्होल्ट दाबानें ६० अँपिअर प्रवाह देत असेल, तर तें ८४० वॉट वीज पुरवितें. त्यासाठीं पट्ट्याकडून १४०० वॉट, म्हणजे जवळजवळ दोन अश्वशक्ति घ्यावी लागते. मधले ५६० वॉट उष्णता बनून राहतात. नारळाएवढ्या धातूच्या गोळ्यांत ही उष्णता अखंड निर्माण होत असते, आणि ती बाहेर टाकण्यास यंत्राच्या पंख्याच्या वाऱ्यावांचून दुसरा मुख्य उपाय नाहीं. शिवाय तांबें जसें तापतें तसा त्याचा विरोध वाढतो. पंचवीस अंशांवरून सव्वाशें अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या तांब्याचा विरोध सुमारें ३९ टक्क्यांनीं वाढलेला असतो. म्हणजे तापलेलें यंत्र कमी वीज देतें, आणि तेवढाच प्रवाह देण्यासाठीं तें आणखी तापतें.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, भार असलेलें यंत्र तापणें हें स्वाभाविक आहे. घाट चढून आलेल्या गाडीचा आल्टर्नेटर ८०-९० अंश सेल्सिअसपर्यंत गेला तर त्यांत नवल नाहीं. साठ अंशांवरच्या धातूलाही हात टिकत नाहीं, म्हणून ‘बोट भाजलें’ एवढ्यावरून यंत्र बिघडलें असें ठरवूं नये. वास येणें, दिवा लागणें, दिव्यांचा प्रकाश मंद होणें, घरघर ऐकूं येणें, यांपैकीं एखादें लक्षण तापाच्या जोडीला असेल तर मात्र तें गंभीर समजावें. दुसरी गोष्ट अशी, कीं अतिताप तीन प्रकारांनींच होऊं शकतो. यंत्राकडे मागणी फार असेल, यंत्रांतील उष्णता बाहेर पडत नसेल, किंवा यंत्रांतच कांहीं बिघाड झाला असेल. शोधाचा क्रमही हाच ठेवावा. कारण पहिल्या दोहोंची परीक्षा स्वस्त आणि तिसऱ्याची खर्चाची असते.

मागणीच्या बाबतींत पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. बारा व्होल्टची म्हणून जी बॅटरी मिळते, तिच्यांत प्रत्येकीं सुमारें २.१ व्होल्टचे सहा घट असतात. म्हणून पूर्ण भरलेली आणि विश्रांति घेतलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. त्यांतील एक घट आंतल्या आंत जोडला जाऊन निकामी झाला, तर उरलेल्या पांच घटांचे १०.५ व्होल्टच राहतात. बिचाऱ्या नियंत्रकास हें ठाऊक नसतें. तो सहा घटांच्या हिशेबानें १४ व्होल्ट गांठण्याची पराकाष्ठा करतो, आणि फुटक्या माठांत पाणी ओतावें तसा प्रवाह बॅटरींत ओतत राहतो. आल्टर्नेटर रात्रंदिवस पूर्ण भारावर चालतो आणि शेवटीं जळतो. दोष माठाचा, शिक्षा मात्र पाणक्याला! अशा गाडीला नवा आल्टर्नेटर बसविला तर त्याची गत तीच होणार. म्हणून आल्टर्नेटर बदलण्यापूर्वीं बॅटरीची परीक्षा झालीच पाहिजे. बॅटरी नुसती उतरलेली असेल, तर ढकलून गाडी सुरू करून लांबच्या फेरीवर काढणें हेंही बरें नव्हे. रिकामी बॅटरी भरण्याचें जड काम तापलेल्या यंत्रावर टाकण्यापेक्षां ती दुकानांतील चार्जरवर भरून घ्यावी.

मागणीचें दुसरें कारण म्हणजे मागाहून जोडलेलें सामान. शंभर वॉटचे चार जादा दिवे लावले तर तेवढ्यानेंच सुमारें २९ अँपिअर प्रवाह लागतो. त्यांत पुढचे मूळ दिवे, कांचेवरील पुसणी, पंखा आणि गाण्याचा संच यांची भर पडली, कीं लहान आल्टर्नेटरची शक्ति तेथेंच संपते. आणि हा भार वेळ पाहून येत नाहीं. आषाढांतील संध्याकाळीं कळंबोलीच्या चौकांत गाड्यांची रांग खोळंबली आहे, पाऊस कोसळतो आहे, सर्व दिवे, पुसणी आणि पंखा चालूं आहेत, आणि इंजिन मात्र मंद फिरत आहे, असा प्रसंग पनवेलच्या चालकास नवा नाहीं. त्या वेळीं यंत्राची गति कमी, म्हणून वीज कमी. त्याचा पंखाही मंद, म्हणून वाराही कमी. आणि मागणी मात्र सर्वांत मोठी. पुष्कळ यंत्रें अशा मंद गतींत आपल्या पूर्ण क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच प्रवाह देतात. उरलेला प्रवाह बॅटरींतून जातो आणि पुढें तो भरून काढण्याचें काम पुनः यंत्रावरच येतें. यावर उपाय साधा आहे. जादा दिवे काढावेत किंवा थांबलेल्या वेळीं बंद ठेवावेत, आणि ते हवेच असतील तर त्या मानानें मोठ्या क्षमतेचें यंत्र बसवावें.

आतां वाऱ्याचा विचार. यंत्राच्या कवचास ज्या फटी असतात त्या शोभेसाठीं नसून श्वासासाठीं असतात. रस्त्यांची कामें, खडीच्या गाड्या आणि पावसाळ्यांतील चिखल यांमुळें त्या फटींत मातीचा थर बसतो. त्यांत कोठून तरी तेल झिरपत असेल तर माती आणि तेल यांचा लपका तयार होऊन वारा पार बंद होतो. गाडी धुतांना पाण्याचा जोराचा फवारा यंत्रावर मारला कीं हा लपका निघण्याऐवजीं आंत शिरतो. म्हणून यंत्राची सफाई कोरड्या हवेच्या बेताच्या झोतानें करावी. कित्येक गाड्यांत धुराच्या नळीची झळ यंत्रास लागूं नये म्हणून मध्यें एक पत्रा लावलेला असतो. दुरुस्तीच्या वेळीं तो काढतात आणि ‘बिनकामाचा पत्रा’ म्हणून परत लावीत नाहींत. त्या एका पत्र्याच्या अभावीं चांगलें यंत्र भाजून निघाल्यास आश्चर्य नाहीं.

यानंतर पट्टा पाहावा. पट्टा सैल असेल तर तो कप्पीवर घसरतो, किंचाळतो, आणि घर्षणानें कप्पी इतकी तापते कीं ती उष्णता कण्यावाटे यंत्रांत शिरते. वीजही पुरी मिळत नाहीं. उलट, ‘आतां घसरूंच नये’ म्हणून पट्टा फार ताणला, तर बेअरिंगवर अखंड ओढ पडून त्यांतील वंगण जळतें आणि घरघर सुरू होते. जुन्या पद्धतीचा निमुळता पट्टा अंगठ्यानें मध्यावर दाबला असतां सुमारें एक सेंटिमीटर लवावा, हा ढोबळ नियम आहे. गाडीच्या पुस्तकांत निराळें माप दिलें असेल तर तेंच खरें मानावें. ही परीक्षा अर्थात् इंजिन बंद करूनच करावयाची. पट्टा काढून कप्पी हातानें फिरवून पाहिली कीं बेअरिंग गुळगुळीत आहे कीं खरखरीत, तें बोटांसच कळतें.

तारांचे सांधे हा पुढचा ठाव. पनवेलची हवा खाडीजवळची, दमट आणि खारट आहे. अशा हवेंत सांध्यांवर हिरवट-पांढरा गंज चढतो आणि विरोध वाढतो. तीस अँपिअर प्रवाह जाणाऱ्या सांध्यांत केवळ अर्धा व्होल्ट अडला तरी त्या इवल्याशा जागीं १५ वॉट उष्णता सतत निघते. तीमुळें यंत्रामागील मोठ्या तारेची खूण काळी पडते, वेष्टन वितळतें, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं यंत्रच जळलें. दोष शोधण्यास मोठें ज्ञान लागत नाहीं. इंजिन आणि दिवे चालूं ठेवून यंत्राची मोठी तार जोडलेला स्क्रू आणि बॅटरीचें धन टोंक यांमध्यें मीटर लावावा. तेथें ०.३ व्होल्टहून अधिक दिसलें तर वाटेंत अडथळा आहे. यंत्राचें कवच आणि बॅटरीचें ऋण टोंक यांमध्यें ०.२ व्होल्टहून अधिक दिसलें तर अर्थिंगचा पट्टा गंजला किंवा सैल झाला आहे. तें टोंक घांसून, घट्ट करून पुनः मोजावें.

एवढें सर्व निर्दोष ठरल्यावरच यंत्राच्या पोटांत शिरावें. तेथें पहिला संशय डायोडांवर जातो. एखादा डायोड दोन्ही बाजूंनीं प्रवाह सोडूं लागला म्हणजे वेटोळ्यांतला प्रवाह बॅटरीकडे जाण्याऐवजीं यंत्रांतच घुटमळतो. यंत्र गुणगुणल्यासारखा आवाज करतें, वीज कमी देतें, पण तापतें मात्र पूर्वींहून अधिक. बॅटरीवर मीटर प्रत्यावर्ती दाबाच्या खुणेवर ठेवून पाहिला आणि अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर डायोड गेल्याचा दाट संशय घ्यावा. बिनमीटरची एक खूण याहून सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा आल्टर्नेटर सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वींच कोमट लागला, तर बॅटरी रात्रभर निकामी डायोडांतून आपली वीज त्यांत ओतीत होती, हें जवळजवळ निश्चित. नियंत्रक बिघडला तर लक्षण निराळें असतें. दाब १५ व्होल्टच्या वर जातो, बॅटरी कढत होते, तिच्यांतलें पाणी लवकर आटतें, आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. अशा बॅटरीजवळ विडी किंवा ठिणगी आणूं नये, कारण तिच्यांतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायु निघत असतो.

डायनामोच्या काळांतील ज्या घातक रीतीचा उल्लेख वर आला, ती हीच जागा. इंजिन चालूं असतां बॅटरीचें एक टोंक झटकन् काढावयाचें, आणि इंजिन चालूंच राहिलें तर ‘डायनामो ठीक आहे’ असा निर्णय द्यावयाचा, अशी चाल अजून रस्त्याकडेच्या कांहीं दुकानांत दिसते. आल्टर्नेटरच्या बाबतींत असें केल्यास भरणाऱ्या प्रवाहाचा आधार एकाएकीं तुटतो, दाब क्षणार्धांत अनेक पटींनीं उसळतो, आणि डायोड, नियंत्रक किंवा गाडींतील इतर नाजुक उपकरणें जळूं शकतात. डिझेल गाडीच्या बाबतींत तर ही परीक्षा निरर्थकही आहे. डिझेल इंजिनांत ठिणगीचें काम नसतें. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. त्यामुळें साध्या यांत्रिक पंपाचें जुनें डिझेल इंजिन आल्टर्नेटर मेलेला असतांही चालत राहतें. उलट, एप्रिल २०२० पासून भारतांत लागू झालेल्या बीएस-६ नियमांप्रमाणें तयार झालेल्या डिझेल गाड्यांत इंधन सोडण्याचें काम संगणकाच्या हुकमानें चालतें. तेथें दाब उसळला तर आल्टर्नेटरहून कितीतरी महाग वस्तूवर बेतूं शकतें.

येथवर जें नुकसान सांगितलें तें पैशाचें आणि वेळेचें झालें. आतां ज्या गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून आहे तिकडे वळलें पाहिजे. पेट्रोलच्या साध्या इंजिनांत हवा ओढली जातांना आपोआप निर्वात जागा निर्माण होते आणि ब्रेकला जोर देण्यास तिचा उपयोग करतात. डिझेल इंजिनांत ही सोय नसते. म्हणून अनेक डिझेल गाड्यांत एक स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लावलेला असतो, आणि आपल्याकडील कित्येक पिकअप गाड्यांत तो आल्टर्नेटरच्याच पाठीवर, त्याच्याच कण्यावर बसविलेला असतो. त्याला इंजिनांतील तेल एका बारीक नळीनें मिळतें आणि दुसऱ्या नळीनें परत जातें. ही बारीक नळी तुंबली कीं पंपाचीं पातीं कोरडीं घांसतात, पंप तापतो, आणि त्याची उष्णता आल्टर्नेटरांत शिरते. पंपाचा सील गळूं लागला तर तेल यंत्रांत उतरून कार्बनच्या ब्रशांच्या भुकटीशीं मिसळतें आणि काळा चिखल होतो. म्हणून अशा गाडींतील तापलेल्या यंत्राच्या मागच्या बाजूस तेलाचा ओघळ दिसल्यास, नुसतें यंत्र पुसून किंवा बदलून भागत नाहीं. पंप, सील आणि दोन्ही नळ्या पाहिल्याच पाहिजेत.

याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. अशा गाडींत आल्टर्नेटर अडकला किंवा पट्टा तुटला, तर विजेबरोबर ब्रेकचा जोरही जातो. सांठलेल्या निर्वाताच्या बळावर दोन-तीन वेळां ब्रेक नेहमींसारखा लागतो. त्यानंतर पायाखालची पट्टी दगडासारखी होते आणि गाडी थांबविण्यास कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. सपाट रस्त्यावर ही अडचण असते. भरलेल्या गाडीनें खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतांना ती आपत्ति ठरते. जो तांबडा दिवा ‘बॅटरीचा दिवा’ म्हणून चालक मनावर घेत नाहीं, तो अशा गाडींत ब्रेकचाही इशारा असूं शकतो. तो लागला कीं ब्रेक वारंवार दाबून जोर वायां न घालवितां, गाडी खालच्या गिअरांत घ्यावी, एकाच दमदार दाबानें ती कडेला सुरक्षित उभी करावी, आणि चाकांना दगड लावावेत. उताराला गिअर काढून मोकळी गाडी सोडण्याची चाल तर अशा वेळीं प्राणघातकच होय.

पंपाची एक साधी परीक्षा प्रत्येक चालकास रोज सकाळीं करतां येते. इंजिन बंद असतां ब्रेकची पट्टी पांच-सहा वेळां दाबावी, म्हणजे ती कडक होईल. मग तिच्यावर पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावें. पट्टी पायाखालीं किंचित् खचली तर पंप काम करीत आहे. ती तशीच कडक राहिली तर गाडी घाटाकडे नेऊं नये.

आतां मालकानें मिस्त्रीकडे गाडी नेल्यावर कोणत्या क्रमानें बोलावें, तें थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. प्रथम, रात्रभर उभी असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब विचारावा, तो १२.६ व्होल्टच्या जवळ असावा. दुसरें, इंजिन चालूं असतां, आधीं दिवे बंद ठेवून आणि मग सर्व दिवे लावून, दोन्ही वेळचा दाब विचारावा, तो १३.८ ते १४.४ च्या दरम्यान टिकावा. तिसरें, तारांच्या सांध्यांत किती दाब अडतो तें विचारावें. चौथें, पट्ट्याचा ताण, फटींतील मळ आणि तेलाचा ओघळ आपल्या डोळ्यांनीं पाहावा. या चार गोष्टींस लागणारा मीटर कांहीं शें रुपयांत मिळतो आणि काम अर्ध्या तासाचें आहे. जो मिस्त्री हे आंकडे सांगूं शकतो तो बहुधा योग्य तीच वस्तु बदलील. जो मीटरला हात न लावतां ‘डायनामो गेला’ म्हणतो, त्याचा तर्क खराही असूं शकेल. पण त्या तर्काची किंमत गाडीच्या मालकास मोजावी लागते.

पिकअपच्या मालकांत पुष्कळसे स्वतःच चालकही असतात. गाडीच्या हप्त्यावर त्यांचें घर चालतें, आणि एक दिवस गाडी उभी राहिली कीं त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यांस वायफळ खर्च परवडत नाहीं, आणि घाटांत ब्रेक जाणें तर कोणासच परवडत नाहीं. एखादा भाऊ, मेहुणा किंवा शेजारी असा धंदा करीत असेल, तर त्यास आल्टर्नेटरच्या तापाची एवढी हकीकत अवश्य सांगावी: आधीं बॅटरी तपास, मग वारा, पट्टा आणि सांधे पाहा, त्यानंतर यंत्र उघड, आणि तुझ्या गाडीचा ब्रेकचा पंप कोठें बसविला आहे, तें आजच बॉनेट उघडून पाहून ठेव.